‘सोलारिस’मधली वगळली जाणारी पाने

परग्रहावरचे बुद्धिमान जीव ज्यांत आहेत अशा विज्ञान कादंबऱ्यांची संख्या मोठी आहे, पण त्यांतले बहुतेक जीव थोड्याच पानांत ओळखीचे वाटू लागतात. त्यांना हातांच्या जागी सोंडा असतात, त्यांच्या रक्ताचा रंग वेगळा असतो, ते श्वासात भलताच वायू घेतात. तरीही त्यांना राज्य हवे असते, अपमानाचा सूड घ्यायचा असतो, संततीची चिंता असते, आणि कथेच्या अखेरीस नायकाशी त्यांचे युद्ध तरी होते किंवा मैत्री तरी. शरीर दूरच्या ताऱ्यावरचे आणि मन मात्र शेजारच्या घरातले, असा हा प्रकार असतो. स्टानिस्लाव लेम या पोलिश लेखकाची ‘सोलारिस’ ही कादंबरी या वाटेने जात नाही. १९६१ साली, म्हणजे युरी गागारिन ज्या वर्षी अवकाशात गेला त्याच वर्षी, ती पोलंडमध्ये प्रसिद्ध झाली. आज साठांहून अधिक वर्षे उलटून गेल्यावरही परक्या मनाची कल्पना इतक्या प्रामाणिकपणे शेवटच्या पानापर्यंत निभावणारे दुसरे पुस्तक माझ्या वाचनात आलेले नाही.

ही कादंबरी ज्यांना आवडली नाही, त्यांची तक्रार बहुधा एकच असते. कथा विलक्षण वेग घेते, वाचक गुंततो, आणि नेमक्या त्याच वेळी नायक परग्रहावरच्या संशोधन-स्थानकातल्या ग्रंथालयात जाऊन बसतो. मग पानेच्या पाने काल्पनिक शास्त्रज्ञांची नावे, त्यांचे ग्रंथ, त्यांची वर्गीकरणे आणि त्यांचे वाद यांनी भरून जातात. पुष्कळ वाचक ही पाने भराभर उलटून पुढे जातात, आणि ज्यांनी कादंबरीऐवजी चित्रपटच पाहिले त्यांना तर ती भेटतही नाहीत. माझे मत याच्या अगदी विरुद्ध आहे. कादंबरीतले परके मन जर कुठे खरोखर जाणवत असेल तर ते याच पानांत, आणि ती वगळून वाचलेली ‘सोलारिस’ म्हणजे एक हळवी भूतकथा उरते. ती भूतकथाही उत्तम आहे, पण लेम यांनी लिहिले आहे ते त्याहून फार मोठे आहे.

क्रिस केल्विन हा मानसशास्त्रज्ञ सोलारिस ग्रहाच्या पृष्ठभागावर अधांतरी तरंगणाऱ्या स्थानकात दाखल होतो, तिथून कादंबरी सुरू होते. या ग्रहाला दोन सूर्य आहेत, एक तांबडा आणि एक निळा, आणि त्याचा जवळजवळ सगळा पृष्ठभाग दाट, चिकट द्रवाच्या एकाच महासागराने व्यापलेला आहे. दोन ताऱ्यांच्या ओढीत सापडलेल्या ग्रहाची कक्षा गणिताप्रमाणे स्थिर राहू नये. सोलारिसची मात्र राहते, आणि ती हा महासागरच सावरून धरतो असे निरीक्षणांतून निष्पन्न होते. ग्रहाचा शोध केल्विनच्या जन्मापूर्वी सुमारे शंभर वर्षे आधीच लागलेला आहे. तेव्हापासून माणसे एकाच प्रश्नाभोवती फिरत आहेत: हा महासागर जिवंत आहे का, असला तर विचार करतो का, आणि करत असला तर त्या विचारात आपल्याला काही स्थान आहे का?

स्थानकात तीन शास्त्रज्ञ असायला हवेत. त्यांपैकी गिबारियनने त्याच सकाळी आत्महत्या केली आहे, सार्टोरियस प्रयोगशाळेचे दार लावून आत बसला आहे, आणि स्नाउट नशेत असून केल्विनला पाहताच भीतीने गारठतो. लेम यांनी पुढे सांगितले होते की, घाबरलेल्या स्नाउटचे वर्णन लिहीत असताना तो नेमका कशाला घाबरला आहे हे त्यांचे त्यांनाही ठाऊक नव्हते. आरंभीच्या प्रकरणांतली दहशत इतकी अस्सल का वाटते, याचे एक कारण यात असावे. भीतीचा उगम लवकरच केल्विनच्या समोर येतो. झोपेतून जागा झाल्यावर त्याला खोलीत हारेय बसलेली दिसते. ही त्याची प्रेयसी. त्याच्याशी झालेल्या भांडणानंतर तिने दहा वर्षांपूर्वी विषारी इंजेक्शन घेऊन जीव दिलेला आहे. स्थानकातल्या प्रत्येकाकडे असा एक ‘पाहुणा’ आलेला आहे, आणि तो त्या त्या माणसाच्या स्मृतीतून, बहुधा त्याने सर्वांत खोल दडवलेल्या स्मृतीतून घडवलेला आहे.

आपल्याला वेड तर लागलेले नाही ना, हे केल्विन ज्या रीतीने तपासून पाहतो तो प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. डोळ्यांवर विश्वास ठेवता येत नाही, स्वतःला चिमटा काढून उपयोग नाही, कारण भ्रमात चिमटाही भासच असेल. म्हणून तो ग्रहाभोवती फिरणाऱ्या उपग्रहाकडून त्याच्या स्थानाचे आकडे मागवतो, ते न पाहता बाजूला ठेवतो, तीच उत्तरे स्वतंत्र गणिताने काढतो आणि मग दोन्ही पडताळून पाहतो. इतके किचकट गणित भ्रमिष्ट मेंदूला आपल्या आपण रचता येणार नाही, आणि आकडे तर जुळतात. भयकथेच्या ऐन मध्यावर लेखकाने वैज्ञानिक पद्धतीला दिलेला हा मान आहे. भीती वाटत असतानाही नीट विचार करता येतो, असे मानणाऱ्या माणसाने हे लिहिले आहे, हे इथे कळते.

आता ग्रंथालयाकडे वळू. लेम यांनी ‘सोलारिसशास्त्र’ नावाची एक संपूर्ण विद्याशाखा रचली आहे, आणि तिचा इतिहास केल्विनच्या वाचनातून आपल्यापुढे उलगडतो. आरंभी उत्साहाचा काळ, जेव्हा संपर्क आता होईलच असे वाटत होते. मग तपशील गोळा करणाऱ्यांचा काळ, ज्यात गीझे नावाचा एक अतिशय शिस्तबद्ध संशोधक महासागराच्या पृष्ठभागावर उठणाऱ्या रचनांचे वर्गीकरण करतो. जवळ आलेल्या कोणत्याही वस्तूची अवाढव्य नक्कल उभी करणारे ते ‘मिमॉइड’. अचानक उफाळून येणाऱ्या, पर्वतांहून प्रचंड, एखाद्या गणिती समीकरणाने स्वतःच देह धारण करावा तशा भासणाऱ्या आणि अल्पकाळात कोसळून जाणाऱ्या त्या ‘सिमेट्रियाड’. त्यांच्या अंतर्भागाची वर्णने वाचताना भाषा अपुरी पडत चालली आहे हे स्पष्ट दिसते, आणि ते लेखकाने मुद्दाम दाखवले आहे. अशाच एका उद्रेकात एकशे सहा माणसे मरतात, गीझेही त्यांतच जातो. त्यानंतर महासागरावर अण्वस्त्रे टाकावीत अशी मागणी प्रथमच पुढे येते. पुढे ओहोटी लागते. सिद्धान्त एकमेकांना खोडून काढत राहतात, तरुण संशोधक दुसरीकडे वळतात, आणि ग्रॅटेनस्ट्रॉम नावाचा एक लेखक छोट्याशा पुस्तिकेत असे मांडतो की, माणसाचे अगदी अमूर्त विज्ञानसुद्धा माणसाच्या देहाच्या आणि इंद्रियांच्या घडणीला बांधलेले आहे, आणि म्हणून माणूस नसलेल्या कोणाशीही संपर्क होणे शक्यच नाही.

हे सगळे वाचायला अवघड आहे, हे मी नाकारत नाही. पण परके मन कागदावर आणण्याचा दुसरा कोणता मार्ग आहे याचा विचार केला म्हणजे या पानांचे महत्त्व पटते. लेखकाने त्या मनाच्या आत शिरून त्याचे विचार सांगितले तर ते मन त्याच क्षणी मानवी होते, कारण सांगणारा माणूस आहे आणि वाचणाराही माणूसच. लेखकाने काहीच न सांगता केवळ ‘ते अगम्य होते’ एवढे म्हटले तर ती नुसती पळवाट ठरते. लेम यांनी तिसरा मार्ग घेतला: शंभर वर्षांत शेकडो बुद्धिमान माणसांनी त्या मनाकडे जाण्याचे जे जे प्रयत्न केले, ते कुठे कुठे आणि कसे कसे थांबले, हे त्यांनी तपशिलाने नोंदवले. या अपयशांचा नकाशा पुरा होत जातो तसतसा मध्ये उरलेल्या कोऱ्या जागेला आकार येत जातो, आणि तिथे खरोखर कोणीतरी आहे असे वाटू लागते. यासाठी अपयशे अस्सल वाटणे आवश्यक होते, म्हणूनच ग्रंथ, वाद, पंथ आणि संशोधकांचे हेवेदावे यांचा इतका मोठा पसारा लेम यांनी उभा केला.

या पसाऱ्यातला सर्वांत अस्वस्थ करणारा भाग म्हणजे बर्टन या वैमानिकाची साक्ष. पहिल्या मोहिमांपैकी एकीत फेक्नर नावाचा सहकारी महासागरात नाहीसा होतो, त्याला शोधायला गेलेला बर्टन धुक्यात भरकटतो, आणि परतल्यावर चौकशी समितीपुढे सांगतो की, लाटांवर आपण एक प्रचंड बालक पाहिले, सुमारे चार मीटर उंचीचे. भीती त्याच्या आकाराची नव्हती, हालचालींची होती. ते बालक हात हलवत होते, तोंड उघडत होते, कूस बदलत होते, पण एखादे मूल जसे करील तसे नव्हे. या देहाने काय काय करता येते हे दुसरेच कोणीतरी एकेक करून पद्धतशीरपणे तपासून पाहत असावे, तसे. समिती त्याची साक्ष भ्रम म्हणून बाजूला ठेवते. फेक्नरच्या स्मृतीतून महासागराने काही उचलले असावे, असा तर्क एकच शास्त्रज्ञ करतो. दोन-तीन पानांचा हा मजकूर आहे, आणि परक्या मनाचे इतके थेट, इतके थंड दर्शन मला इतरत्र कुठेही घडलेले नाही. मानवी देह त्या मनापुढे आला तो एक आकार म्हणून, आणि त्या आकाराचा अर्थ काय हे त्याने आपल्या पद्धतीने शोधून पाहिले. त्या पद्धतीत क्रौर्य नाही आणि माया नाही.

हे डोक्यात ठेवून हारेयकडे पाहिले तर तिची कथा निराळीच दिसू लागते. ती पोशाख उतरवू पाहते तेव्हा लक्षात येते की पुढच्या बाजूची बटणे केवळ शोभेची आहेत, तो उघडण्याची कोणतीच सोय नाही, आणि तो कात्रीने कापावा लागतो. पहिल्या हारेयला केल्विन घाबरून अग्निबाणात बसवून बाहेर सोडून देतो. दुसरी येते, तिचाही पोशाख तसाच कापावा लागतो, आणि आता खोलीत तंतोतंत सारखे दोन कापलेले पोशाख पडलेले असतात. केल्विनच्या स्मृतीत पोशाखाचे रूप होते, पण तो कसा उघडतो याची आठवण त्याने जपलेली नव्हती, आणि महासागराने जे होते तेवढेच घडवले. तिचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर ते रक्तच दिसते. आणखी खोल गेल्यावर, जिथे अणू दिसायला हवेत तिथे काहीच दिसत नाही, आणि ती न्यूट्रिनो या अणूहून कितीतरी सूक्ष्म कणांपासून बनलेली असावी असा निष्कर्ष काढावा लागतो. ज्याने हे केले त्याला द्रव्याच्या अंतिम रचनेवर हुकमत आहे, पण पोशाख कशासाठी असतो हे त्याला माहीत नाही, किंवा त्याला ते माहीत करून घ्यावेसे वाटत नाही. एकाच वस्तूत इतके अफाट सामर्थ्य आणि इतके संपूर्ण अज्ञान एकत्र दाखवून लेम यांनी परकेपणाची जी व्याख्या केली आहे, तिच्यासाठी त्यांना एकही तात्त्विक वाक्य लिहावे लागलेले नाही.

हारेय मात्र या सगळ्यातून माणूस होत जाते. आपण खरी हारेय नाही हे तिला उमगते, द्रवरूप ऑक्सिजन पिऊन ती मरण्याचा प्रयत्न करते, पण तिचा देह स्वतःला दुरुस्त करून घेतो. ती केल्विनवर प्रेम करते, आणि त्याच प्रेमातून अखेर त्याच्या नकळत स्वतःचा नाश करवून घेते. तिला इथे कोणी पाठवले आणि कशासाठी, हे तिलाही ठाऊक नाही. ही भेट होती, शिक्षा होती, प्रयोग होता, की महासागराच्या लेखी यांपैकी काहीच नव्हते, याचे उत्तर कादंबरी देत नाही. स्नाउटच्या तोंडी एक प्रसिद्ध संवाद आहे, ज्याचा आशय असा की, आपल्याला दुसरी जगे नको असतात, आरसे हवे असतात. विश्व जिंकायला निघालेला माणूस खरे तर पृथ्वीच्या सीमाच वाढवू पाहत असतो. हे विधान पुष्कळदा उद्धृत होते, पण कादंबरीत ते एका थकलेल्या, खचलेल्या माणसाचे उद्गार म्हणून येते, आणि तसेच वाचल्यास त्याचे वजन अधिक जाणवते.

या पुस्तकाचे वेगळेपण नीट कळण्यासाठी आणखी तीन कादंबऱ्या त्याच्या शेजारी ठेवून पाहाव्यात.

पहिली फ्रेड हॉइल यांची ‘द ब्लॅक क्लाउड’, ‘सोलारिस’च्या चार वर्षे आधीची, १९५७ सालची. मराठी वाचकांना हॉइल हे नाव जयंत नारळीकरांमुळे परिचयाचे आहे. केंब्रिजमध्ये नारळीकरांनी संशोधन केले ते हॉइल यांच्या मार्गदर्शनाखाली, आणि १९६४ साली दोघांनी मिळून मांडलेला गुरुत्वाकर्षणाचा सिद्धान्त हॉइल-नारळीकर या जोडनावानेच ओळखला जातो. हॉइल यांच्या कादंबरीत वायूचा एक प्रचंड मेघ सूर्यमालेत येतो, सूर्यप्रकाश अडवतो, पृथ्वीवर हाहाकार उडतो, आणि मग कळते की हा मेघ बुद्धिमान आहे. घन ग्रहाच्या पृष्ठभागावर, इतक्या गुरुत्वाकर्षणाखाली, बुद्धी निर्माण होऊ शकते याचेच त्या मेघाला आश्चर्य वाटते. ही कल्पना आजही ताजी वाटते. भौतिकीची बाजू भक्कम आहे आणि कथा वेगवान आहे. पण मेघ थोड्याच काळात इंग्रजी शिकतो आणि शास्त्रज्ञांशी वाद घालू लागतो, आणि तिथून तो एक फार हुशार, किंचित अधीर प्राध्यापक वाटत राहतो. हॉइल यांची श्रद्धा अशी होती की गणित आणि भौतिकी जाणणारी कोणतीही दोन मने एकमेकांना समजू शकतील, आणि कादंबरी त्या श्रद्धेवर उभी आहे. शेवटी मेघाचे ज्ञान प्रत्यक्ष मेंदूत उतरवून घेताना नायकाचा मृत्यू होतो, तेव्हा ती श्रद्धा थोडी हलते, पण तोवर पुस्तक संपत आलेले असते.

दुसरी पीटर वॉट्स यांची २००६ सालची ‘ब्लाइंडसाइट’. वॉट्स हे कॅनडातले, सागरी जीवशास्त्राचे अभ्यासक, आणि त्यांची कादंबरी लेम यांच्याशी थेट टक्कर घेणारी आहे. सूर्यमालेच्या दूरच्या कडेला ‘रॉर्शाक’ नावाची एक अवाढव्य वस्तू सापडते. ती मानवी यानाशी सफाईदार इंग्रजीत बोलते, आणि यानातली भाषातज्ज्ञ हळूहळू अशा निष्कर्षाला येते की बोलणाऱ्याला त्यातले काहीही समजत नाही. अडवून ऐकलेल्या मानवी संदेशांतून नियम काढून ती वस्तू केवळ योग्य ठिकाणी योग्य शब्द ठेवत आहे. तिच्या आतले प्राणी माणसाच्या डोळ्याची बुबुळे हलण्याच्या अतिसूक्ष्म क्षणातच हालचाल करतात, म्हणून समोर असूनही दिसत नाहीत. यातून वॉट्स जो प्रश्न उभा करतात तो असा: बुद्धीसाठी ‘मी’ची जाणीव आवश्यक आहे का, की ती जाणीव म्हणजे उत्क्रांतीने आपल्यावर लादलेले एक महागडे ओझे आहे? अर्थ न कळता अस्खलित बोलणाऱ्या यंत्रांशी आपला रोजचा संबंध येऊ लागल्यापासून ही कादंबरी अधिकच निकडीची वाटते. तरीही ती मला ‘सोलारिस’च्या खाली ठेवावीशी वाटते. वॉट्स यांनी परक्या मनाचे कोडे सोडवून दाखवले आहे. उत्तर भयंकर आहे, पण ते उत्तर आहे. शिवाय यानाचा कप्तान म्हणून जनुकशास्त्राने पुन्हा जिवंत केलेला रक्तपिपासू पिशाच आणण्याची आवश्यकता, त्यामागे विस्तृत जीवशास्त्रीय स्पष्टीकरण असूनही, मला पटलेली नाही. लेखकाने हे पुस्तक स्वतःच्या संकेतस्थळावर विनामूल्य वाचनासाठी खुले केले आहे, त्यामुळे ते सहज मिळू शकते.

तिसरी एड्रियन चायकोव्हस्की यांची ‘चिल्ड्रन ऑफ टाइम’, २०१५ सालची, जिला पुढच्या वर्षी आर्थर सी. क्लार्क पुरस्कार मिळाला. माणसाने घडवलेल्या एका विषाणूमुळे दूरच्या ग्रहावर उड्या मारणारे कोळी बुद्धिमान होतात, आणि पिढ्यान्‌पिढ्या त्यांची संस्कृती कशी उभी राहते हे कादंबरी सांगते. जाळ्याच्या कंपनांतून भाषा, वारशाने मिळणारे ज्ञान, गंधाने चालवलेल्या मुंग्यांच्या वसाहतींची गणकयंत्रे, असे यातले एकेक तपशील जीवशास्त्र जाणणाऱ्या माणसाने लिहिलेले आहेत. मूळ कोळ्यांची पोर्शिया ही प्रजात आपल्याकडे दक्षिण आशियात खरोखरच आढळते, आणि शिकारीसाठी दूरचा वळसा घेऊन योजना आखणारी म्हणून प्राणिशास्त्रात प्रसिद्ध आहे. वाचक कोळ्यांच्या बाजूने उभा राहतो, हे या कादंबरीचे यश. आणि याच कारणाने ते कोळी फार काळ परके राहत नाहीत. मला ती मनापासून आवडते, पण ती परक्या मनाची कादंबरी नव्हे, सहानुभूतीची कादंबरी आहे.

‘सोलारिस’मध्ये खटकणाऱ्या गोष्टी आहेत, आणि त्यांकडे डोळेझाक करणे योग्य नाही. गिबारियनच्या पाहुणीचे वर्णन, म्हणजे गवताचा घागरा नेसलेली धिप्पाड कृष्णवर्णीय स्त्री, हे त्या काळच्या युरोपीय कल्पनाविश्वातून जसेच्या तसे आलेले आहे. तिला एकही शब्द बोलू दिलेला नाही आणि तिच्याकडे माणूस म्हणून पाहिलेलेच नाही. स्थानकातले शास्त्रज्ञ सगळे पुरुष, ग्रंथालयातले बहुतेक विद्वानही पुरुष, आणि स्त्री येते ती पुरुषाच्या स्मृतीतून. हारेयला लेखकाने पुढे स्वतंत्र इच्छा दिली आहे, त्यामुळे ही उणीव काहीशी भरून निघते, पण पूर्णपणे नाही. सार्टोरियसचे पात्र सपाट आहे. ध्वनिमुद्रणाच्या फिती आणि क्ष-किरणांच्या नळ्या आज जुनाट वाटतील, त्याचा मला मात्र त्रास झाला नाही. उलट केल्विनच्या जागेपणीच्या विचारांचा आलेख क्ष-किरणांवर चढवून महासागराकडे सोडण्याचा प्रयोग त्या साध्या साधनांमुळेच अधिक हताश, अधिक मानवी वाटतो. त्या प्रयोगानंतर पाहुणे पुन्हा येत नाहीत, आणि दोन्ही घटनांचा काही संबंध आहे का हे सांगायला कोणीही उरत नाही.

लेम यांच्या आयुष्याचा या पुस्तकाशी संबंध जोडताना जपून बोलावे लागते, पण काही गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. ते १९२१ साली ल्वुफ येथे, आजच्या युक्रेनमधल्या ल्विवमध्ये, एका ज्यू डॉक्टरच्या घरी जन्मले, नाझी अमलात खोट्या कागदपत्रांच्या आधाराने मोटारी दुरुस्त करण्याचे काम करत जगले, आणि नंतर क्राकुफला येऊन वैद्यकशास्त्र शिकले. माणसाचे आकलन आणि माणसाची प्रगती यांविषयी ज्या सहज आशावादावर त्या काळची पुष्कळ विज्ञानकथा उभी होती, तो त्यांच्या लेखनात मुळातच नाही. ‘ईडन’, ‘द इन्व्हिन्सिबल’, ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ आणि ‘फियास्को’ या त्यांच्या इतर कादंबऱ्यांतही संपर्काचा प्रयत्न वेगवेगळ्या कारणांनी अपुरा राहतो.

दोन चित्रपटांविषयी थोडक्यात. आंद्रेई तार्कोव्हस्की यांचा १९७२ सालचा आणि स्टीव्हन सोडरबर्ग यांचा २००२ सालचा, हे दोन्ही चित्रपट लेम यांना मान्य नव्हते. तार्कोव्हस्कींनी अपराध आणि प्रायश्चित्ताची कथा केली आणि सोडरबर्ग यांनी प्रेमकथा, असा त्यांचा आक्षेप होता. तार्कोव्हस्कींचा चित्रपट स्वतंत्र कलाकृती म्हणून थोर आहे, आणि तो पाहावाच. पण त्यातले पृथ्वीवरचे घर, वडील, पाऊस हे काहीही कादंबरीत नाही, आणि कादंबरीतला महासागर चित्रपटात जवळजवळ नाही. ज्यांनी तो आधी पाहिला असेल त्यांनी कादंबरी वाचताना ती चित्रे शक्य तितकी बाजूला ठेवावीत.

विकत घेताना आवृत्ती पाहून घ्यावी, कारण इथे फरक पडतो. दुकानांत सर्वाधिक आढळणारी इंग्रजी आवृत्ती जोआना किलमार्टिन आणि स्टीव्ह कॉक्स यांच्या १९७० सालच्या भाषांतराची आहे, आणि ते भाषांतर मूळ पोलिशवरून नव्हे, तर फ्रेंच भाषांतरावरून केलेले आहे. इंग्रजी उत्तम वाचणाऱ्या लेम यांना ते पसंत नव्हते. त्यात हारेयचे नाव ‘ऱ्हेया’ आणि स्नाउटचे ‘स्नो’ झालेले दिसेल, त्यावरून ती आवृत्ती ओळखता येते. बिल जॉन्स्टन यांनी थेट पोलिशवरून केलेले भाषांतर २०११ साली प्रथम श्राव्य पुस्तकाच्या रूपाने आले आणि नंतर ई-पुस्तक म्हणून उपलब्ध झाले. ग्रंथालयाच्या प्रकरणांत, जिथे प्रत्येक वाक्याची अचूकता महत्त्वाची आहे, तिथे दोन्हींतला फरक सर्वांत ठळक जाणवतो, म्हणून शक्य असेल तर जॉन्स्टन यांचेच घ्यावे. जुनी छापील प्रतच हाताशी असेल तर तीही वाचण्याजोगी आहे. कथेचा गाभा तिच्यातून पोहोचतो.

पुस्तक जेमतेम दोनशे पानांचे आहे, पण एका बैठकीत संपवण्याचा आग्रह धरू नये. पहिली दोन-तीन प्रकरणे सलग वाचावीत, कारण त्यांची भीती सलग वाचण्यातच आहे; बर्टनच्या साक्षीपाशी आणि सिमेट्रियाडच्या वर्णनापाशी वेग कमी करावा, लागले तर तेवढाच भाग पुन्हा वाचावा. विज्ञानाचे विशेष शिक्षण आवश्यक नाही. युद्धे, यानांचे पाठलाग किंवा शेवटी उलगडणारे रहस्य ज्यांना हवे आहे त्यांची इथे निराशा होईल, आणि त्यांनी हॉइल किंवा चायकोव्हस्की यांच्यापासून आरंभ करावा. ज्यांना ‘सोलारिस’ भावली, त्यांनी यानंतर लेम यांचीच ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ हाती घ्यावी: ताऱ्यांकडून आलेला न्यूट्रिनोंचा एक संदेश, तो वाचण्यासाठी जमवलेले हजारो तज्ज्ञ, आणि त्या कामाची आठवण सांगणारा एक कठोर, प्रांजळ गणितज्ञ. त्या कादंबरीत तर प्रेमकथेचाही आधार नाही; ती जवळजवळ संपूर्णपणे ग्रंथालयाचीच पाने आहे.